एका मिनिटाची वेल

1912 सालच्या मे महिन्यानंतर काही आठवडे दादरच्या मथुरा भवनात घरातली सगळ्यात महाग वस्तू एका कुंडीवर रोखून ठेवलेली होती. वस्तू म्हणजे विल्यमसन बनावटीचा चलच्चित्राचा कॅमेरा. किंमत पन्नास पौंड. त्याची मागणी लंडनला स्वतः जाऊन नोंदवलेली. मे महिन्यात तो मुंबईला पोचला आणि सोबत आलेल्या आकृतीवरून चार दिवसांत घरच्या घरी जोडला गेला. समोरच्या कुंडीत वाटाणे पेरलेले. घरचा कर्ता पुरुष बेचाळीस वर्षांचा. सरकारी नोकरी केव्हाच सोडलेली, छापखान्यातली भागीदारी मोडलेली, विम्याच्या पॉलिसी गहाण पडलेल्या. हा माणूस महिनाभराहून अधिक काळ रोज त्या कुंडीसमोर जाऊन उभा राहायचा, कॅमेऱ्याचे हँडल जरासे फिरवायचा आणि परत फिरायचा.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांची गोष्ट आपण नेहमी ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगतो. शाळेच्या पुस्तकात तेच, पुरस्काराच्या बातमीत तेच. पण ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला पैसा लागला, आणि पैसा देणाऱ्याला त्याआधी काहीतरी पटावे लागले. या देशात, या शहरात, याच माणसाच्या हातून चित्रपट तयार होऊ शकतो, हे त्याला पटावे लागले. ते पटवण्याचे काम या कुंडीने केले. म्हणून मला भारतीय चित्रपटाच्या इतिहासातला हा महिना हरिश्चंद्राच्या चित्रणाच्या महिन्यांइतकाच मोलाचा वाटतो. या महिन्यात फाळक्यांना एक गोष्ट सापडली: जे अजून अस्तित्वातच नाही त्याची खात्री दुसऱ्याला द्यायची असेल, तर त्याचे वर्णन करत बसू नये, त्याचाच एक जिवंत तुकडा समोर चालवून दाखवावा.

मुंबईला हलती चित्रे काही नवी नव्हती. ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात झाला होता. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडली होती. परदेशी चित्रपट शहरात येत होते, तिकिटे खपत होती. अशाच एका खेळाला, 1911 च्या सुमारास, फाळके गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र चालले होते आणि त्यांच्या मनात मात्र कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या यांची चित्रे उमटत होती. पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांत त्यांनी स्वतःच हे सांगून ठेवले आहे.

त्या संध्याकाळचे कौतुक आजवर पुष्कळ झाले. खरे तर अशी संध्याकाळ अनेकांच्या वाट्याला येते. नाटकगृहातून किंवा प्रदर्शनातून बाहेर पडताना आपणही असे काही करावे असे वाटते, आणि घरी पोचेपर्यंत ते विरून जाते. फाळक्यांच्या बाबतीत ते विरले नाही. त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि फिल्मची रिळे मिळवली, मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाडून रात्री भिंतीवर चित्रे हलवून पाहिली. रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहिले. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी दृष्टी इतकी अधू झाली की जवळजवळ काहीच दिसेना. डॉक्टर प्रभाकरांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी ती परत आली. बरे होताच त्यांनी बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि 1 फेब्रुवारी 1912 रोजी ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये ते दोनच आठवडे राहिले. मुंबईत ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. लंडनमध्ये हिंडताना त्याच साप्ताहिकाची पाटी नजरेस पडली आणि ते सरळ आत जाऊन संपादकांना भेटले. ओळख ना पाळख! संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओत नेले. तिथे फाळक्यांनी कारखाना आतून पाहिला: चित्रण कसे होते, फिल्म कशी धुतली जाते, छापली जाते. कॅमेरा, छिद्रे पाडायचे यंत्र, कोडॅकची कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवली आणि 1 एप्रिलला ते मुंबईत परत आले. त्याच दिवशी फाळके फिल्म्स कंपनी स्थापन झाली. कंपनीकडे नाव होते, येऊ घातलेला कॅमेरा होता, आणि दहा हजारांतून जे काही उरले असेल ते.

पहिले कर्ज मिळाले ते विम्याच्या कागदांवर. पुढचे मिळवायचे होते कल्पनेच्या जोरावर, आणि घोडे अडले होते ते इथेच.

सावकाराच्या जागी स्वतःला बसवून पाहा. फाळके सांगतात, मी पुराणातल्या कथांवर चित्रपट काढणार आहे. तुम्हाला कथा माहीत आहे. लोक चित्रपटाला गर्दी करतात हेही माहीत आहे. त्या दोन्हींबद्दल शंका घ्यायचे कारणच नाही. शंका वेगळी आहे. हे इथे, मुंबईत, करणार कोण? त्याच मे महिन्याच्या 18 तारखेला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता. तोरण्यांच्या धडपडीचे मोल मोठे आहे आणि ते आपण कबूल केले पाहिजे. पण ते रंगभूमीवरचे नाटक कॅमेऱ्यापुढे उभे केलेले होते, कॅमेऱ्यामागे ब्रिटिश माणूस होता, आणि फिल्मवरचे संस्कार लंडनमध्ये झाले होते. म्हणजे त्या घटकेलाही जाणकार माणसाचे उत्तर हेच असणार की नट आपले, कथा आपली, पण चित्रपट ‘तयार’ व्हायचा तो विलायतेत.

फाळक्यांचे स्वप्न याच्या नेमके उलट होते. एक चित्रपट काढून थांबायचे नव्हते, त्यांना धंदा उभा करायचा होता. बंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत 1906 मध्ये पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला होता. आपल्या देवांची चित्रे आपल्या यंत्रावर, आपल्या हातांनी छापायची हे त्यांच्यासाठी बोलण्यापुरते नव्हते. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईत ते प्रत्यक्ष राबले होते. आता तेच चित्रपटाच्या बाबतीत करायचे होते, कच्च्या फिल्मपासून पडद्यापर्यंत. ती फिल्म आणि यंत्रे बाहेरून आणावी लागणार होती, बाकी सगळे इथे.

हे सांगून कसे पटणार? शब्दांत मांडले तर ते भाषण होते. हिशेबात मांडले तर आकडे कल्पनेतले. हेपवर्थच्या स्टुडिओचे वर्णन केले तर ऐकणारा म्हणणार, तिकडे होते, इकडे कसे होईल?

कॅमेरा जोडून झाल्यावर फाळक्यांनी आजूबाजूच्या मुला-मुलींची चित्रे घेऊन पाहिली होती. ती चांगली आली. तेवढेच चार लोकांना दाखवून भागले असते, असे आपल्याला वाटेल. पण पळणारी मुले, चालणारी माणसे, येणारी आगगाडी हे सगळे मुंबईकरांनी सोळा वर्षांपूर्वीच पाहिले होते. त्यात यंत्राची परीक्षा होती, मालकाची नव्हती. पुराणातला एखादा लहान प्रसंग उभा करावा, तर त्यासाठी नट हवेत, कपडे हवेत, पैसे हवेत, आणि पैशांसाठीच तर हे सारे चालले होते. शिवाय असा प्रसंग पाहणारा मनातल्या मनात नाटकाशी ताडून बघणार. तेव्हाची मराठी रंगभूमी ऐन भरात होती. तिच्यापुढे दोन मिनिटांचा मुका प्रसंग फिकाच पडला असता.

फाळक्यांनी वाटाणा निवडला. रंगभूमीला जे कधीच जमणार नाही, ते त्यांनी निवडले.

ही निवड कुठून आली असेल, याचा विचार करताना त्यांचे आधीचे आयुष्य डोळ्यांपुढे येते. त्र्यंबकेश्वरला जन्म, वडील संस्कृतचे शास्त्री, मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन. चित्रकला, छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे, शिळाछपाई. रतलामला जाऊन तीन रंगांच्या छपाईचे शिक्षण. गोध्र्याला फोटो स्टुडिओ. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा. आणि या सगळ्यात एक गोष्ट जी चरित्रकार गमतीची म्हणून सांगतात आणि पुढे जातात: फाळके जादूचे प्रयोग करत. ‘फाळके’ उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव त्यांनी घेतले होते.

मला इथेच थांबावेसे वाटते. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या जादूगारांचा सगळ्यात गाजलेला खेळ कोणता? आंब्याची कोय मातीत पुरायची, वर फडके टाकायचे, मंत्र म्हणायचा, फडके उचलले की अंकुर. पुन्हा टाकायचे, पुन्हा उचलायचे, की हातभर झाड. इंग्रज प्रवाशांनी या खेळाची वर्णने लिहून ठेवली आहेत. जादूच्या नादी लागलेल्या मराठी माणसाला तो ठाऊक नव्हता असे होणे अवघड. बी रुजते, फुटते, वाढते आणि हे सगळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत: आपल्याकडे चमत्काराचे हे रूप सगळ्यांच्या ओळखीचे होते. फाळक्यांनी कुंडीतला वाटाणा पडद्यावर वाढवला तेव्हा तोच चमत्कार झाला, पण फडक्याशिवाय. यात लपवाछपवी नव्हती. वेल खरी, माती खरी, वाढही खरी. फक्त काळ आवळलेला. जादूगाराला जे फसवूनच दाखवता येते ते कॅमेऱ्याला खरेपणाने दाखवता येते, हे जादूगार असलेल्या माणसाइतके कोणाला कळणार?

ही युक्ती फाळक्यांनी शोधलेली नव्हती. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा फुलांच्या उमलण्यावरचा चित्रपट 1910 मध्येच येऊन गेला होता. आज आपण त्याला टाइमलॅप्स म्हणतो आणि मोबाईलवर एका बोटाने करतो. फाळक्यांचा शोध होता तो तिच्या वापराचा. परदेशात जे निसर्गाचे नवल म्हणून दाखवले गेले, ते त्यांनी भांडवल मागण्यासाठी वापरले.

आता ते प्रत्यक्ष कसे घडले असेल हे जवळून पाहू, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

त्या काळचा कॅमेरा हाताने चालायचा. साधारण वेग सेकंदाला सोळा फ्रेमचा. हँडल सेकंदात दोनदा फिरवायचे, दर फेऱ्याला आठ फ्रेम. युक्तीदृश्यांसाठी एकेक फ्रेम सुटी घेण्याची सोयही त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत असायची. ‘अंकुराची वाढ’ हा या वेलीचा चित्रपट मिनिटभराहून किंचित मोठा होता. मिनिटाच्या फ्रेम होतात 960. फाळक्यांनी रोज एक फ्रेम घेतली असे सर्रास लिहिले जाते, पण रोज एक घेतली तर महिन्याभरात तीसच होतील, आणि पडद्यावर ती वेल दोन सेकंदांत येऊन जाईल. पापणी लवली की संपले. मिनिटभर चालायला दिवसाला तीसेक फ्रेम हव्यात. म्हणजे कुंडीसमोर दिवसातून एकदा जाऊन भागणारे काम हे नव्हते. सकाळपासून उजेड मावळेपर्यंत ठरावीक अंतराने कोणीतरी तिथे असायलाच हवे. ‘रोज एक फ्रेम’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण खरी मेहनत त्याने झाकली जाते.

त्यातून महिनाभर कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. एकदा तिपाईला धक्का लागला की पडद्यावर कुंडी उडी मारणार. घरात मुले, आणि कॅमेरा त्याच घरात. उजेड रोज सारखा हवा. बंगल्याच्या आवारात फाळक्यांनी काचेची एक लहान खोली उभारली होती. पण मुंबईच्या आभाळाला कोण सांगणार? ढग आले की फ्रेम काळवंडते, ऊन पडले की उजळते, आणि पडद्यावर चित्र लुकलुकते. मटार हे आपल्याकडचे थंडीचे पीक; ते उकाड्याच्या आणि पावसाच्या तोंडावर कुंडीत वाढवायचे हीही एक परीक्षाच.

आणि सगळ्यात कठीण भाग वेगळाच. हे सगळे चालू असताना फाळक्यांना काहीच दिसत नव्हते. घेतलेल्या फ्रेम कॅमेऱ्याच्या पोटात अंधारात गुंडाळून पडलेल्या. मुंबईची दमट हवा जिलेटिनच्या थराला मानवत नाही. चित्र बरोबर आले की नाही, थर खराब झाला का, झाकण नीट बसले होते का, याचे उत्तर शेवटी फिल्म धुतल्यावरच मिळणार. बिघडले असेल तर महिना गेला, पुन्हा बी पेरायचे. वेल उघड्या डोळ्यांना रोज दिसत होती, पण चित्रपटातली वेल वाढते आहे हे महिनाभर केवळ विश्वासावर होते.

फिल्मची तयारी त्याआधीची. कच्ची फिल्म छिद्रे न पाडलेली यायची. 35 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या दोन्ही कडांना दर फ्रेममागे चार-चार छिद्रे पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. मिनिटाच्या फिल्मला साडेसात हजारांहून अधिक छिद्रे. एखादे जरी वाकडे पडले तरी चित्र थरथरते, किंवा कॅमेऱ्यात फिल्म अडकून फाटते. हे काम फाळक्यांनी घरच्यांना शिकवले, आणि त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, छिद्रे पाडणे हे सगळे त्या शिकल्या. त्या वेळच्या फिल्मला तांबडा उजेड दिसत नसे, त्यामुळे धुण्याच्या खोलीत तांबडा दिवा चालायचा. छिद्रे पाडून, चित्रण करून, निगेटिव्ह धुऊन, तिच्यावरून पॉझिटिव्ह छापून, वाळवून मगच ती फिल्म यंत्रावर चढायची. एकट्या विलायतेच्या नावावर जमा असलेली ही सगळी साखळी एका दादरच्या बंगल्यात फिरत होती.

मग निवडक लोकांना बोलावून ‘अंकुराची वाढ’ दाखवण्यात आला. पडद्यावर माती. तिच्यातून अंकुर डोके वर काढतो, वाकतो, सरळ होतो, पाने फुटतात, तणावे हवेत काहीतरी शोधत फिरतात, वेल वर चढते. मिनिटभरात सारे संपते.

त्या खोलीत कोण होते याला महत्त्व आहे. यशवंतराव नाडकर्णी होते, नारायणराव देवहारे होते. नाडकर्णी हे छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी. म्हणजे पडद्यावर नवल काय ते पाहणारे डोळे तर त्यांच्याकडे होतेच, पण पडद्यामागे काय काय बिनचूक घडावे लागते याचा अंदाज असलेली जाणही होती. लुकलुक किती आहे, चित्र स्थिर आहे का, काळा-पांढरा नीट उतरला आहे का, हे त्यांना दिसत होते. साध्या प्रेक्षकाला वाटाण्याची वेल दिसली असेल. नाडकर्ण्यांना कारखाना दिसला असणार. आणि दोघांसाठी चित्रपट एकच. माझ्या मते फाळक्यांच्या निवडीचे खरे चातुर्य यात आहे. अडाण्याला थक्क करणारी आणि जाणकाराला निरुत्तर करणारी अशी एकच गोष्ट फार क्वचित सापडते.

अंकुर म्हणजे भारतीय चित्रपटाचाच अंकुर, असा अर्थ आपण मागाहून लावतो, आणि शताब्दीच्या भाषणांत तो शोभतोही. मला तो जरा सोपा वाटतो. फाळक्यांना त्या खोलीत प्रतीक नको होते, पुरावा हवा होता. म्हणून त्यांनी कथा सांगितली नाही, नट आणले नाहीत, पौराणिक वेश चढवला नाही. मी काय करू शकतो हे ज्या वस्तूतून सिद्ध होते ती वस्तूच त्यांनी समोर ठेवली.

आज मोठमोठ्या कंपन्या आपली भविष्यातली उत्पादने समजावायला चित्रपटच काढतात. ॲपलने 1987 मध्ये काढलेला ‘नॉलेज नॅव्हिगेटर’ त्यातला गाजलेला. एक प्राध्यापक, समोर घडी घालता येणारा पडदा, त्यावर बो-टाय लावलेला एक बोलका मदतनीस; तो निरोप वाचून दाखवतो, लेख शोधून देतो, माणसांशी बोलणे जोडून देतो. त्या चित्रपटाने अनेक अभियंत्यांना दिशा दिली हे खरे, आणि आज तो पाहिला की अंगावर काटा येतो हेही खरे. पण त्यातले यंत्र तेव्हा नव्हतेच. प्राध्यापक नट होता, पडद्यावरची चित्रे बाहेर तयार केलेली होती. चित्रपट उत्पादनाबद्दल सांगत होता, उत्पादनाने तयार झालेला नव्हता. अशा चित्रपटांत नेहमी एक फट राहते, पाहणाऱ्याने ती विश्वासाने भरून काढायची असते. फाळक्यांच्या एका मिनिटात ही फट नव्हती. त्यांना चित्रपट विकायचा होता आणि ते चित्रपट दाखवत होते. जी गोष्ट उद्या करणार असे ते म्हणत होते, ती त्या खोलीत आत्ता घडलेली होती, फक्त लांबीने लहान. स्वप्न सांगणारा कितीही मोठा असला तरी त्याच्या चित्रपटाकडे मी आता याच नजरेने पाहतो: यातले किती सध्या चालते आणि किती नटवलेले आहे?

नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. पण इथे कथा जितकी गोड होईल असे वाटते तितकी होत नाही. वाटाण्याने मन वळवले, तरी रोकड मोकळी व्हायला तारण लागलेच. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. फिल्मला छिद्रे पाडणारे हात त्यांचे, आणि त्या फिल्मच्या जोरावर मिळालेल्या कर्जाला जामीनही त्यांचेच सोने. इतिहासात दादासाहेबांच्या नावापुढे ‘जनक’ लागले. त्या जनकत्वातला अर्धा वाटा मथुरा भवनातल्या अंधाऱ्या खोलीत राबणाऱ्या या बाईंचा आहे असे मी मनापासून मानतो, आणि तो आपण अजून पुरता दिलेला नाही.

यानंतरचा भाग सगळ्यांना माहीत आहे. तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रेय दामोदर दाबके हरिश्चंद्र, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास, त्र्यंबक तेलंग कॅमेऱ्यावर. नाटकातसुद्धा काम करणे कमीपणाचे मानले जाण्याचा तो काळ, सिनेमात काम करणे तर कोणाला ठाऊकच नव्हते. म्हणून कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ आहोत असे सांगायचे, असे फाळक्यांनी मंडळींना सांगून ठेवले होते. या सगळ्यांचे जेवणखाण सरस्वतीबाईंकडेच. उन्हात चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचे कामही त्यांनी केले. सहा महिने आणि 27 दिवसांत चित्रपट पुरा झाला. 21 एप्रिल 1913 रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपियामध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि 3 मे रोजी कॉरोनेशनमध्ये, वर्षभरापूर्वी जिथे ‘श्री पुंडलिक’ लागला होता तिथेच, तो सर्वांसाठी खुला झाला.

फाळके दाखवून पटवण्याची ही रीत पुढेही विसरले नाहीत. 1917 मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या विषयावरच एक लहान चित्रपट काढला, ज्यात ते स्वतः काम करताना दिसतात. पाच वर्षांपूर्वी एका खोलीतल्या मोजक्या माणसांना जे वेलीच्या आडून दाखवले होते, ते आता तिकीट काढून येणाऱ्या कोणालाही उघडपणे दाखवले.

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट होती. फुटाला सोळा फ्रेम, फ्रेमला आठ छिद्रे. कापून टाकलेला भाग सोडला तरी निगेटिव्हसाठीच पावणेपाच लाखांच्या घरात छिद्रे होतात. वाटाण्याच्या वेळी सरस्वतीबाईंनी जे काम हजारांत शिकून घेतले होते ते आता लाखांत करायचे होते. आणि दाखवायच्या प्रत्येक प्रतीसाठी तेवढीच पुन्हा.